आई होती तशीच आहे

प्रिय डर्क,

रविवारी फोनवर तू मला सुनावलंस की आई होती तशीच आहे, मार्लीस, तूच उगाच घाबरतेस. पुरावा काय, तर तिने बोलता बोलता तुझी चूक काढली. तू म्हणालास, तू राहतोस त्या ॲरिझोनातली संत्री आणि इथे आईकडच्या दुकानातली संत्री सेमच. ती म्हणाली, सेम नव्हे, सिमिलर. तू खदखदून हसलास आणि निश्चिंत होऊन फोन ठेवलास. मी मात्र तिच्या स्वयंपाकघरात उभी होते. ओट्यावर संत्र्यांच्या चार जाळ्या पडल्या होत्या, कारण त्या आठवड्यात ती चारदा गाडी काढून संत्री आणायला गेली होती.

या घरात चूक काढणं म्हणजे तब्येत ठणठणीत असणं, हे आपल्या डोक्यात कुणी भरलं कोण जाणे. बाबांच्या शेवटच्या आजारपणातही ते मुद्दाम चुकीचं बोलायचे, आणि आईने दुरुस्त केलं की समाधानाने डोळे मिटायचे. ती इंग्रजी शिकवायची तो दहावीचा वर्ग आठवतो ना? तीच वस्तू पुन्हा समोर आली तर सेम. दोन निराळ्या वस्तू कितीही जुळल्या तरी सिमिलर, फार तर लाइक. चर्चमध्ये पाद्रीबाबा प्रवचनात शब्द चुकले की ती पेपरमिंटची गोळी कडाकडा चावायची. आपण दोघं बाकावर खाली बघत हसू दाबायचो. मलाही ते सगळं हवंच आहे रे, तुझ्याइतकंच.

पण मंगळवारी मी तिला स्मरणशक्तीच्या तपासणीला नेलं, ते तुला ऐकून घ्यावंच लागेल. तिथली मुलगी, कोर्टनी, चांगली होती, गोड बोलणारी. तिने विचारलं, संत्रं आणि केळं, दोन्हींमध्ये सेम काय आहे? झालं. आईने चष्मा खाली घेतला आणि म्हणाली, बाळ, आधी प्रश्न नीट विचारायला शिक. मग सेम, सिमिलर, लाइक यांवर असा तास घेतला की कोर्टनीने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, बाई, तुम्ही मला शाळेत असायला हव्या होतात. मीसुद्धा अभिमानाने फुगले. मग कोर्टनीने तोच प्रश्न नीट शब्दांत पुन्हा विचारला. आईने चष्मा पुन्हा चढवला, खिडकीकडे बघितलं. मग म्हणाली, दोन्ही मंगळवारी येतात.

पुढचा प्रश्न आगगाडी आणि सायकलचा होता. आईने कोर्टनीला नीट बसायला सांगितलं. त्याच्या पुढच्या प्रश्नाला तिच्या उच्चारांतल्या चुका काढल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, डर्क. उत्तर सापडलं नाही की ती समोरच्याची चूक शोधते. पस्तीस वर्षांची सवय आहे, झोपेतही जमेल तिला. तू तिला जेवलीस का विचारतोस, ती तुझं वाक्य दुरुस्त करते, तू हसतोस, आणि ती जेवली की नाही ते तुला कधीच कळत नाही.

मी दर वेळी गाडीच्या किल्ल्या मागते तेव्हा ती म्हणते, डर्कला विचारू, त्याला कळतं. तुला कळतं! दोन हजार मैलांवरून! मी रोज सूप करून नेते, तिची औषधं काढून ठेवते, पायऱ्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकते, आणि शहाणपणा तुझा. चिडलेय मी, लपवत नाही. गेल्या आठवड्यात तिने लाल दिव्याला गाडी तशीच पुढे काढली आणि समोरून आलेल्या शाळेच्या बसच्या ड्रायव्हरलाच चुकीचं चालवल्याबद्दल रागावली. तिच्या शेजारी मी बसले होते.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच हसला असतास, म्हणून लिहितेय. काल संध्याकाळी मी सामान घेऊन गेले. आईने दार उघडलं, अदबीने बाजूला झाली, कॉफी विचारली, चांगले कप काढले. मला वाटलं, आज स्वारी खुशीत आहे. समोर बसून ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुम्ही अगदी माझ्या मुलीसारख्या दिसता. सारख्या, डर्क. वाक्यात काही चूक नव्हती. मी कसंबसं विचारलं, कशी आहे तुमची मुलगी? म्हणाली, गुणी आहे हो, रोज येते, पण फार चिडते हल्ली, मी काय केलंय तेच कळत नाही. येत्या रविवारी फोन करू नकोस. ती अजून तुला डर्क म्हणून ओळखते, तोवर ये आणि तिच्या हातातून त्या किल्ल्या घे. माझ्याकडे ती देणार नाही. अनोळखी बाईला कोण देईल?

तुझीच, अजून तरी,
मार्लीस