दुलीचंदकाकांची फिल्म

कोलकाता
११ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस रंजिताचा स. जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर टाइप करायला तुमचं बोट राजी नाही, त्यामुळे या एवढ्या मोठ्या रुग्णालयात जिला पोस्टाने पत्र येतं अशी डॉक्टर मी एकटीच आहे. टपाल वाटणारा आता मला नावाने ओळखतो.

काम काय असतं असं विचारलंत. एमडी झाल्यावरचं हे फेलोशिपचं वर्ष फक्त छातीचं. सकाळी आठला अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसायचं, दिवसभर फुफ्फुसांचे एक्स-रे आणि सीटी वाचायचे आणि मग ते वाचन आमच्या प्रमुख मॅडमसमोर मांडायचं. दर शुक्रवारी त्या जुन्या फिल्म काढतात आणि नाव-वय चिकटपट्टीने झाकून आमच्यापुढे लावतात. नाव वाचलं की डोळा माणसाकडे जातो आणि सावली राहून जाते, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम असा की फुफ्फुसाकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी हाडं, मग कडा, मग हृदय. पहिल्याच आठवड्यात मी घाई केली. फुफ्फुसातला डाग बरोबर सांगितला आणि मोडलेली बरगडी पाहिलीच नाही. चारचौघांत बोलणी खाल्ली.

सुट्टी वर्षभरात मोजून पंधरा दिवस. जास्त झाली तर वर्ष बाद, म्हणून सध्या येत नाही. औषधं वेळेवर घ्या आणि लोभ आहे तसाच ठेवा.

तुमची,
रंजिता

*

सडक अर्जुनी
२५ ऑगस्ट २०२५

चि. रंजिता हिस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. धानाची रोवणी आटोपली. शेजारच्या गोमतीबाईनं तुझ्यासाठी वड्या वाळवल्या होत्या, त्या माकडांनी खाल्ल्या. तू तिकडे मासे खाऊन राहिली असशील, तेव्हा तुझं काही नुकसान नाही.

सोबत एक फिल्म पाठवतो. आपल्या दुलीचंदची आहे. राइस मिलमध्ये माझ्यासोबत तांदळाच्या पॉलिशर मशीनवर होता, तुला ठाऊकच आहे. दोन महिन्यांपासून खोकून राहिला. इथल्या डॉक्टरनं औषध दिलं आणि पुढं बघू म्हटलं. दुलीचंद म्हणते, बघू म्हणजे कधी बघू, तुझ्या पोरीले विचार, ते खरं सांगन. तेव्हा गोड करून लिहू नको. जे दिसेल ते लिही.

आणखी एक. तुझ्या आईच्या आजारात तू परीक्षा टाकून धावत आलीस. वर्ष गेलं आणि आईही गेली. तसं आता करायचं नाही. घरून काही कानावर आलं तरी हे वर्ष पुरं केल्याशिवाय जागची हलू नको. आपल्या वस्तीतून इथवर कोणी पोचलं नाही, हे मी दर पत्रात लिहीत नाही, पण दर पत्रात तेच लिहिलेलं असते.

तुझा,
बाबा

*

सडक अर्जुनी
२६ ऑगस्ट २०२५

सौ. अल्का हिस खेमराजचा सप्रेम जयभीम.

तू लहान बहीण असून मोठीसारखी रागावतेस, म्हणून आधीच सांगून टाकतो. रंजिताला जी फिल्म पाठवली ती माझी आहे. एक्स-रेवाल्याला नाव दुलीचंद सांगितलं. तिच्या मॅडम नाव झाकूनच वाचायला लावतात म्हणे, मग मी नुसतं बदललं तर बिघडलं कुठं?

खोकल्यात दोनदा रक्त आलं. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण पोरीला कळलं तर ती दुसऱ्या दिवशी गाडीत बसेल आणि वर्ष बुडवेल. मला तिच्याकडून खरं पाहिजे आणि तीही तिथंच पाहिजे. दुलीचंदला विचारलं तर तो म्हणते, माह्या नावानं कर्ज तं नाही काढून राहिला ना, मंग लिही. तिकडे तुझ्या सासरी, दवनीवाड्याला, कोणाजवळ बोलू नको.

तुझा भाऊ,
खेमराज

*

कोलकाता
२ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस स. जयभीम, वि. वि.

फिल्म पोचली. शुक्रवारच्या पद्धतीने नाव झाकून वाचली. हाडं आधी पाहिली. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात सुपारीएवढी गाठ आहे. तिच्या कडा सरळ नाहीत. टीबी असू शकतो, कॅन्सरही असू शकतो. नुसत्या फिल्मवरून ठरत नाही. नागपूरला जाऊन सीटी करायचा आणि सुईने तुकडा काढून तपासायचा. हे या आठवड्यात व्हायला हवं. सोबत तिथल्या माझ्या वर्गमित्राच्या नावे, डॉ. संघदीपच्या नावे, चिठ्ठी देते. रोग्याचं नाव लिहिलेलं नाही, जो जाईल तो सांगेल.

दुलीचंदकाका टाळाटाळ करतील. म्हणतील, आता बरं वाटून राहिलं. त्यांचं ऐकू नका. त्यांना एकटं पाठवू नका, तुम्ही स्वतः सोबत जा. आणि सुईला भिऊ नका म्हणावं, पंधरा मिनिटांचं काम आहे.

मी इथेच आहे आणि काम नीट चालू आहे. लोभ असू द्या.

तुमची,
रंजिता

*

सडक अर्जुनी
१० ऑक्टोबर २०२५

चि. रंजिता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि चौथ्या दिवशी दुलीचंदला घेऊन नागपूर गाठलं. तुझा संघदीप भला पोरगा आहे. मोठ्यानं बोलते, मला सगळं ऐकू आलं.

कॅन्सर निघाला. पण पसरलेला नाही, वेळेत सापडला, फुफ्फुसाचा तेवढा भाग काढला की बहुतेक भागते म्हणतात. ऑपरेशन तीन नोव्हेंबरला ठरलं. दुलीचंद धीराचा आहे. जेवण जात नाही एवढंच. अल्काआत्या जाणार आहे सोबत, म्हणजे मलाही मदत होईल. तू काळजी करू नको आणि रजा तर मुळीच काढू नको. परक्या माणसासाठी कोणी वर्ष घालवते काय?

तू खरं लिहिलंस, बरं वाटलं.

तुझा,
बाबा

*

कोलकाता
१७ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस स. जयभीम, वि. वि.

आधी हाडं बघायची, हे मी तुम्हाला ऑगस्टमध्येच लिहिलं होतं. तुम्ही फक्त नावाचं लक्षात ठेवलंत.

मिलमध्ये पोत्यांची थप्पी अंगावर पडून तुमचं डावं हाड मोडलं, गळ्याखालचं. ते वाकडं जुळलं. धम्मचक्र दिनाला नागपूरच्या गर्दीत मला खांद्यावर बसवून न्यायचात, तेव्हा पडू नये म्हणून मी तोच उंचवटा धरून बसायची. फिल्म उजेडाला लावली आणि पहिल्यांदा तेच दिसलं. फुफ्फुसापर्यंत डोळा पोचायच्या आत मला माणूस कळला होता. मॅडमचा नियम मोडला तो असा. मग मी बाहेर जाऊन रडले, तोंड धुतलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.

तेव्हाच लिहिलं नाही, कारण बाबांच्या नावाने लिहिलं असतं तर तुम्ही मला समजावण्यात महिना घालवला असता. दुलीचंदकाकांसाठी तुम्ही चौथ्या दिवशी निघालात. रागावले होते, अजूनही थोडा राग आहे. मॅडमना सगळं सांगितलं. पंधरातले दहा दिवस शिल्लक आहेत, ते त्यांनी एका सहीत दिले. वर्ष बुडत नाही. एक नोव्हेंबरला काम संपवून हावड्याहून निघते, दोनला थेट नागपूरला उतरते, बाराला इथे परत कामावर.

जेवण जात नसेल तर पेज घ्या. परक्या माणसासोबत अल्काआत्या कशाला जाईल? तिला म्हणावं, तिच्या पोटात गोष्ट राहते हे मला नव्यानेच कळलं. दुलीचंदकाकांना जयभीम सांगू नका, रामराम सांगा, आणि बिडी सोडा म्हणावं, पुढची फिल्म खरंच त्यांची काढायची आहे.

ऑपरेशनच्या आधी एका कागदावर जवळच्या नातेवाईकाची सही लागते. दुलीचंदकाकांना दोन्ही मुलगेच आहेत. तुम्हाला मुलगी आहे. ती येईपर्यंत त्या कागदावर कोणाची सही घेऊ नका.

तुमचीच,
रंजिता