सांगाड्याची ओटी

बेसिंगस्टोक,
२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

चि. यमुनेस,

आक्काचे आशीर्वाद. तुझ्या यजमानांना नमस्कार सांग. अनुयाला आणि तिच्या पोटातल्या पाहुण्याला वेगळे आशीर्वाद, ते तुझ्या वाट्यातले धरू नकोस.

मी इथे मजेत आहे. गुडघा बरा आहे. प्रणयच्या घरी भिंतीला रेडिएटर आहेत, त्यांना पाठ लावून बसलं की उठवत नाही. तुझ्या चकलीच्या भाजणीचं प्रमाण इरावतीला दिलं, त्याबद्दल ओरडू नकोस. सून सर्जन असली तरी चकली तिची मोडतेच.

अनुयाच्या डोहाळजेवणाचा तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले. उत्तर दिलं नाही, कळतंय मला. रोज टाइप करते आणि पुसते. ते टायपिंग-टायपिंग तुला तिकडे दिसत असणार, म्हणून शेवटी सियाच्या वहीतली पानं फाडून लिहायला बसले. प्रणय फोटो काढून पाठवेल. उत्तराकडे येतेच, पण आधी परवाची गंमत ऐक.

परवा नरकचतुर्दशी. पहाटे सगळ्यांना उठवून तेल-उटणं लावलं. कारीट कुठून आणणार? तर इरावतीने फ्रीजमधून लिंबाएवढी कोबी काढली, इथे तसली मिळते. सियाने दारात ती डाव्या अंगठ्याने अशी चेचली, की नरकासुर थेट प्रणयच्या ऑफिसच्या पँटवर उडाला. मग तो पँट बदलून क्रॉयडनला गेला, इरावती हॉस्पिटलात गेली आणि शाळेला सुट्टी म्हणून सिया माझ्याजवळ राहिली.

त्याच दिवशी इथे हॅलोविन होतं. म्हणजे पोरांनी भुताखेतांची सोंगं घेऊन घरोघर खाऊ मागत फिरायचं. ज्याला पोरं यायला हवीत, त्याने लाल भोपळ्याला डोळे-तोंड कोरून, आत दिवा लावून तो दारात ठेवायचा. ज्या दारी भोपळा नाही, तिथे बेल वाजवायची नाही. भुतं आहेत पण शिस्तीची आहेत.

आमचा भोपळा तयार होता, सियाने स्वतः शेतावर जाऊन निवडलेला. पण तो चिरणार होता प्रणय आणि खाऊही तोच येताना आणणार होता. साडेचारला काळोख पडला आणि त्याचा फोन आला, मीटिंग लांबलीय, आठ वाजतील. इरावती तर त्याच्याही नंतर येणार. सिया चेटकिणीची टोपी घालून जिन्यात बसली आणि रडायला लागली. सात वर्षांचं पोर गं, महिनाभर त्या दिवसाची वाट बघत होतं.

मला म्हणाली, आजी, तू चिर ना. मी म्हटलं, बाळा, अख्ख्या भोपळ्याला बाईमाणूस पहिली सुरी लावत नाही, बाबाच लावेल. तिने डोळे पुसले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"पण आजी, मम्मा तर माणसांना कापते!"

यमे, यावर उत्तर काय? तुझ्याकडे असेल तर कळव. मी आपली पणत्या लावायच्या निमित्ताने तिथून सटकले.

दारात रांगोळी काढलेली होती. उंबऱ्यापाशी आठ पणत्या लावल्या, कसं प्रसन्न वाटायला लागलं. वात सारून आत वळते तोच बेल. दार उघडते तर दोन भुतं, एक वटवाघूळ आणि एक नुसतंच मोठं केळं! माझ्या पणत्या बघून पोरांना वाटलं, या घराने या वर्षी जरा वेगळं केलंय. मागून आयाबाया येत होत्याच. बघता बघता सगळी गल्ली आमच्या दारात. आणि खाऊ क्रॉयडनला.

पण दिवाळीत आपल्या दारातून पोर रिकाम्या हाताने जाईल का? डबे उघडले. सियाने प्रत्येकाच्या आईला आधी विचारलं, चालेल का, यात नट्स नाहीत. (लाडवांत काजू होते म्हणून लाडू बाहेर काढले नाहीत. मीही शिकतेय.) केळ्याने चकली खाल्ली आणि ते परत रांगेत उभं राहिलं. तुझी भाजणी हो, इंग्लंडात गाजली. वर्षभरात माझ्या दाराची बेल एवढी वाजली नव्हती. मी हसत होते, मोठ्याने. प्रणय असता तर त्याने वळून बघितलं असतं.

तेवढ्यात सियाची मैत्रीण मायरा आली आणि मागून तिची आई. अगं, मला घामच फुटला. सात महिन्यांची पोटुशी बाई, अंगात काळा सदरा, त्यावर पांढरा हाडांचा सांगाडा रंगवलेला, आणि पोटावर आतल्या बाळाचा इवलासा सांगाडा! दिवेलागणीला, भर दिवाळीत! आपली आई असती तर तिने तिथल्या तिथे मीठमोहऱ्या उतरवल्या असत्या. ती मात्र हसत होती, पाठीवर हात ठेवून, दमलेली. सिया म्हणाली, मायराच्या मम्माची मम्मा खूप लांब, स्कॉटलंडला राहते.

पुढे काय झालं ते मला नीट सांगताही येत नाही. हात आपोआप चालले. मी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं, देवापुढची कोयरी आणली, तिला हळदकुंकू लावलं. नारळ घरात नव्हता, तर मूठभर तांदूळ, संत्रं आणि खारीक. तिच्या गळ्यातला रुमाल पसरला आणि ओटी भरली. सांगाड्याची ओटी! तिने विचारलं, हे काय, तर सियाने सांगितलं, "फॉर द बेबी. सो इट कम्स नाइसली." तिचे डोळे भरले. तिने माझा हात धरून त्या इवल्या सांगाड्यावर ठेवला आणि आतून लाथ बसली.

ती गेल्यावर मी बोटाकडे पाहिलं. कुंकू लागलेलं होतं.

हे जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी कोयरी रोज पुसून ठेवते, पण दुसऱ्या कुणाला कुंकू लावलेलं नाही. कुणी मनाई केली होती असं नाही. खरं तर केली होती, यमे, आणि ती तू केली होतीस. अनुयाच्या लग्नात मी ओटी भरायला पुढे झाले, तर तू माझ्या हातातलं ताट घेतलंस आणि म्हणालीस, "आक्का, तू बस, दमली असशील." तुझ्या विहीणबाई बघत होत्या. मी बसले. मग जेवायच्या आधीच गुडघ्याचं निमित्त करून निघून गेले. गुडघा तेव्हाही बराच होता.

मी दमले नव्हते गं. ज्या पोरीला मी पाळण्यात घातलं, आत्या नव्हती म्हणून जिचं नाव मी कानात सांगितलं, तिच्या ओटीला माझा हात चालेना, हे मला लागलं. तू चार लोकांना भ्यालीस, हेही मला कळतं. तुझ्या जागी मी असते तर कदाचित मीही भ्याले असते. पण दोन वर्षं मी तुला काही बोलले नाही आणि तूही विचारलं नाहीस. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, माहेरचाच गुण दोघींचा.

आणखी एक कबुली. प्रणय नोव्हेंबरचं परतीचं तिकीट काढत होता. मीच त्याला फेब्रुवारीचं काढायला लावलं. अनुयाला दिवस गेल्याचं तेव्हा कळलेलं होतं. इंग्लंडात आहे म्हटलं की कुणी आग्रह करणार नाही, असा माझा हिशोब.

तर परवा सांगाडा गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि सियाला म्हटलं, आण तुझा भोपळा. दाजी तुझे कसे करायचे आठवतं ना? पहिली चीर द्यायचे आणि मग ओट्याला टेकून असे उभे राहायचे, जणू घारगे यांनीच तळले. हे गेले आणि घरात भोपळा आला नाही. चिरणार कोण, म्हणून. मी देवाला हात जोडले, यांनाही जोडले, आणि घातली सुरी. टणक होता मेला, पण चिरला. आभाळ कोसळलं नाही, सियाने टाळ्या वाजवल्या. डोळे तिने पेनने आखून दिले, मी कोरले. एक डोळा वर गेला आणि तोंड वाकडं झालं, हुबेहूब आपले अण्णा चहा गार मिळाल्यावर! आत पणती ठेवली. आठला प्रणय धावत आला, दारातच थबकला आणि त्याने विचारलं, कुणी चिरला? मी म्हटलं, मी. त्याने पुढे येऊन मला मिठी मारली. मग इरावतीही आली आणि आम्ही सगळ्यांनी आतल्या गराचे घारगे खाल्ले. थोडे जास्त गोड झाले होते.

आता तुझं उत्तर. आज सकाळी प्रणयकडून तिकीट बदलून घेतलंय. १९ तारखेला मुंबईत उतरते, २४ च्या डोहाळजेवणाला दोन दिवस आधी तुझ्या घरी. भोपळा आणून ठेव, घारगे मी करीन आणि चिरीनही मीच. विहीणबाईंना हवं तर समोर खुर्ची टाकून दे. अनुयाच्या ओटीचं ताट माझ्या हातात द्यायचं असेल तर मी येते. द्यायचं नसेल, तर आत्ताच तसं स्पष्ट लिही, मी रागावणार नाही, नुसती रडेन. पण तिथे सगळ्यांसमोर मला खुर्ची दाखवू नकोस. अनुयाला सांग, मावशीच्या हाताला सराव आहे, परवाच एक ओटी भरून झाली.

तुझी,
अजिबात न दमलेली,
आक्का