चार खाडे आणि एक कवळी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर सध्या वाकत नसल्याने तो खुर्चीत बसूनच केला आहे, पण पूर्ण मापाचा धरावा.) सासूबाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का, आणि निघाल्यावर त्यांना आधी तू दिसलीस की भाऊजी, ते कळवणे. इकडे मी बरा, भिंगरी तर फारच बरी. वेळेवर जेवते, वेळेवर झोपते आणि दोनदा दात घासते. मामा कवळ्या बनवणारा असल्यावर त्या बाबतीत ढिलाई नाही. तेव्हा पुढचं वाचण्याआधी एवढं ध्यानात घे, की मुलगी धडधाकट आहे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस.

तू जाताना माझ्या हातात दिलेला कागद मी पाठ केला होता. या महिन्यात तिचे दोन खाडे झालेत, एक आत्याच्या लग्नाचा, एक तापाचा. चारच्या वर गेले की स्पर्धेच्या संघातून नाव कापतात. काही झालं तरी जिम्नॅस्टिक्सची प्रॅक्टिस चुकवायची नाही. मी दुकानाला साडेचारलाच कुलूप लावू लागलो. एका गिऱ्हाइकाच्या तोंडात माप घ्यायचा मसाला भरलेला असताना मी घड्याळ बघत होतो. (त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तक्रार आली नाही.) सोमवार ते गुरुवार, चारही दिवस, पाचच्या ठोक्याला भिंगरी हॉलमध्ये हजर. तू मला शाबासकी देशील अशी माझी समजूत होती, आणि गुरुवारी पावणेसहापर्यंत ती टिकली.

घोटाळा जिन्याचा झाला. तू लिहिलंस, जिना चढून डावीकडचा हॉल. त्या इमारतीला दोन जिने आहेत हे तू लिहिलं नाहीस. (दोष देत नाही, नोंद करतो.) मी स्कूटर मागे लावायचो, मागच्या जिन्याने चढायचो, आणि मागून येणाऱ्याचं डावं ते पुढून येणाऱ्याचं उजवं असतं. भिंगरीला तरी हॉल ठाऊक असेल ना, असं तू म्हणशील. नंतर मीही तेच म्हणालो.

आत पाहतो तर दहाबारा माणसं गाद्यांवर हात वर करून उभी, सगळी सत्तरीच्या पुढची. मला संशय यायला हवा होता. पण त्यांतल्या तिघांच्या तोंडात माझ्याच कवळ्या होत्या, आणि आपल्या हातचं काम असं ओळीने समोर हसायला लागलं की कुणालाही घरी आल्यासारखं वाटतं. मी खुर्ची ओढून बसलो. वाटलं, जिम्नॅस्टिक्सचा ज्येष्ठ गट असेल. लहानपणापासून एकही खाडा न करता ही मंडळी इथवर आली असतील. गुडघे वाकवताना त्यांची जी तोंडं होत होती ती बघून मला भिंगरीच्या भवितव्याची थोडी काळजीही वाटली. तो वर्ग गुडघेदुखीचा होता. शिकवणाऱ्या बाईंचा स्वतःचाच पाय मुरगळलेला, त्या खुर्चीतून सूचना देत होत्या, आणि करून दाखवायला कुणी नव्हतं. भिंगरीने एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि पुढे जाऊन हात वर केले. हजेरीच्या वहीत तिने आपलं वय आठ लिहिलं. (बाईंनी चष्म्याशिवाय वही तपासली आणि राहिलेलं शून्य भरून घेतलं. तेव्हा कागदोपत्री तुझी मुलगी ऐंशीची आहे.)

सोमवारी आणि मंगळवारी नुसते गुडघेच झाले. बुधवारी तिने कोलांटी मारून दाखवली, आणि वर्गातल्या एका निवृत्त पोस्टमनकाकांच्या मनात काहीतरी जागं झालं. इतरांनी कोलांटी नुसती गादीवर लोळून साधली, पण काकांना तिच्यासारखी उभ्याने सुरुवात करायची होती. गुरुवारी ते म्हणाले, आज घेतोच. भिंगरीने त्यांची मान नीट आत वळवून दिली, मी पाय धरले, आणि खरं सांगतो, कोलांटी चांगली झाली. काका पलीकडे बसते झाले. वरची कवळी मात्र गोल फिरली नाही, ती सरळ गेली. दाराच्या फटीतून ती बाहेर घसरणार म्हणून मी झेप घेतली. (कंबरेचं कारण हे.) दाणकन आवाज झाला, दार उघडलं, आणि समोरच्या हॉलमधल्या मॅडम, म्हणजे तुमच्या खऱ्या जिम्नॅस्टिक्सच्या मॅडम, कसला गोंधळ चाललाय ते बघायला आत आल्या. त्यांच्या पायाशी मी पालथा, हातात दात.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. भिंगरीला विचारलं, चार दिवस कुठे होतीस. ती म्हणाली, समोरच. जिना चुकला होता तर पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, हे मी जमिनीवरूनच विचारलं. ती गादीची शिवण उकरू लागली.

"तिकडे आपल्या माणसांना दाराबाहेर बसवतात," ती म्हणाली. "इकडे मामाला खुर्ची मिळाली."

 मी कवळी पुसून काकांच्या हातात दिली.

मॅडम म्हणाल्या, नियम तो नियम, दोन अधिक चार सहा. त्यावर पोस्टमनकाकांनी कवळी बसवून घेतली आणि ते सगळ्या वर्गाच्या वतीने भांडले. पस्तीस वर्षं मी पत्रं टाकली, चुकीच्या दारात गेलेलं पत्र हरवलेलं धरत नाहीत, पोचायला उशीर झाला असं धरतात, असं ते म्हणाले. मॅडमनी गुडघ्यांच्या वर्गाची वही मागून घेतली, चार दिवस तपासले (ऐंशीवर थोडा वेळ थांबल्या) आणि निकाल दिला. कोलांट्या झाल्या ते दोन दिवस प्रॅक्टिस; नुसते गुडघे वाकवले ते दोन दिवस खाडा. म्हणजे चार. नाव राहिलं, पण आता तिला साधी शिंकही परवडणार नाही. आज शुक्रवार. ती योग्य हॉलमध्ये आहे, मी बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितो आहे.

सासूबाईंना नमस्कार, भाऊजींना आठवण.

तुझा आज्ञाधारक (कागदाबरहुकूम वागलेला) भाऊ

ता. क. मॅडमना आईचं पत्र हवं आहे, खरं कारण लिहिलेलं, पुढच्या शनिवारपर्यंत. 'भावाचा मूर्खपणा' असे शब्द तू वापरशीलच, म्हणून सुचवतो, 'इमारतीची रचना' हे जास्त भारदस्त दिसेल.

ता. क. २ पत्र टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. पुढच्या शनिवारी प्रॅक्टिसची शेवटची दहा मिनिटं आपल्या माणसांना बघता यावं म्हणून मॅडम दार उघडं ठेवणार आहेत. गुडघ्यांचा अख्खा वर्ग येतो आहे.

ता. क. ३ आत्ताच भिंगरीच्या पिशवीत हातरुमाल शोधताना एक वही सापडली. प्रॅक्टिसहून आल्यावर तिच्याबरोबर जेवायला घरात कोण होतं याची हजेरी. भाऊजींचे एकोणीस खाडे, त्यांचं नाव तिने लाल शाईने कापलं आहे. तुझे पाच झालेत, पण तुझं नाव अजून आहे. तुझे खाडे तिने पेन्सिलीने मांडलेत.