नांदेडहून आलेलं शून्य

तीर्थरूप रेणुकादासमामांना लातूरहून भाची सौदामिनीचा वाकून नमस्कार (कमरेत उसण भरलीय, म्हणून कागदावरच). तुमची शुगर, मामींचे गुडघे आणि नांदेडचं ऊन आटोक्यात असेल, अशी आशा करते. फोनच करणार होते. पण तुम्ही "झालं, झालं" म्हणून ठेवून देता, तेव्हा हा पत्राचा खटाटोप.

तुमच्या शब्दाखातर वीरभद्रसरांनी मला क्लासच्या कॉम्प्युटरांवर नेमलं, हे उपकार मी विसरणार नाही (तुम्ही विसरू देणारही नाही). काम तसं सोपं. लातुरात बसून नांदेड आणि औशाच्या शाखांतल्या युनिक्स मशीनला हुकूम सोडायचा, की सराव परीक्षेचा पेपर कॉपी करून घे. काम संपलं की तिकडचं मशीन एक आकडा पाठवतं. शून्य आलं तर काम फत्ते, दुसरं काहीही आलं तर बोंब. तुमच्या शाखेतून रोज शून्य यायचं. माझा ऊर भरून यायचा.

रविवारी पोरं परीक्षेला बसली आणि नांदेडच्या पडद्यांवर पेपरच नाही! पालक तुमच्या दारात, सर माझ्या डोक्यावर. इथूनच तुमच्या मशीनमध्ये शिरून पाहिलं, तर डिस्क गच्च भरलेली (तुमच्या भजनांचे व्हिडिओ, आवाज छान लागलाय) आणि कॉपी रोज फसत होती. मग शून्य यायचं कुठून? तुम्ही स्वहस्ते लिहिलेल्या स्क्रिप्टमधून (मशीननं ओळीनं पाळायच्या हुकमांच्या यादीतून), मामा. तिच्या शेवटच्या ओळीत तुम्ही पडद्यावर "झालं" असं छापायला लावलंत. युनिक्स बिचारं भोळं, शेवटच्या हुकमाचा निकाल तोच सगळ्या कामाचा म्हणून कळवतं. आणि "झालं" म्हणायला कुणाचं काय बिघडतंय? तेवढं काम ते चोख करत होतं.

मी स्क्रिप्ट सुधारली. कॉपी फसली की तिथंच थांबायचं आणि खरा आकडा द्यायचा. लगेच नांदेडहून एक आला, औशाहून शून्य. नेमका हा आकड्यांचा छापील कागद सरांच्या हाती लागला.

"नांदेड एक नंबर!" सर खूश. "आन् औसा शून्य? व्यंकटी, काय करायलास रे तिथं?"

औशाची शाखा सांभाळणारा व्यंकटी सरळ माणूस. फोनवर म्हणाला, "सर, ह्यात शून्यच चांगलं असतंय."

"माझ्या क्लासात शून्य चांगलं? मेमो घे!"

मी समजवायला गेले, तर म्हणाले, "बाई, आकडे मला शिकवता? गणित शिकवून शिकवून केस गेले माझे." (ते दिसतंच.) शेवटी युनिक्सनं माघार घेतली. आता मशीनकडून शून्य आलं, की मी सरांच्या कागदावर 'शंभरपैकी शंभर' छापते, आणि दुसरं काही आलं की 'नापास'. व्यंकटीचा मेमो मागे घेतला. तुमची शाखा मात्र रोज नापास होतेय आणि सर स्वतः नांदेडला यायला निघालेत. तेवढी भजनं काढा.

मामींना नमस्कार.

तुमच्याच कृपेनं इथं अडकलेली,
सौदामिनी

ता. क. : उदगीरच्या स्थळाचा होकार आला, असं तुम्ही आईला कळवलंत आणि ती माझ्यासाठी साडी घेऊनही आली. हा होकार खुद्द वरदचा, की त्याच्या वडिलांनी फोन उचलला एवढाच? उदगीरला जाऊन मुलालाच विचारा. खरं तर पत्र याचसाठी लिहिलं.

आणखी एक : त्यानं नाही म्हटलं, तर आईला एवढ्यात बोलू नका. साडी फार सुरेख आहे. फॉल-पिको होऊ द्या, मग सांगा.