समुद्राला निघण्याआधीचा केर

आई,

उद्या सकाळी आम्ही गाडीनं कोकणात निघतोय. अलिबागपासून खाली, समुद्र उजव्या हाताला ठेवून, रस्ता जिथवर आवडेल तिथवर. मधे खाड्या लागतात, तिथं म्हणे माणसांसकट गाडीच बोटीत चढवतात. तुला हे ऐकून मजा वाटली असती, पण कागद घेऊन बसले त्याचं कारण वेगळं आहे. आज दुपारी मी तुझं नाव पुढं करून दादांना एक गोष्ट सांगितली. ती तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्यापेक्षा माझ्याकडूनच गेलेली बरी.

घरात सध्या पाय ठेवायला जागा नाही. तुझे जावई टायरची हवा बघून आले, चहा प्याले आणि पुन्हा बघून आले. तू गेलीस तेव्हा रांगत होती ती तुझी नात आता इथंच इंदूरात पलासियाला नोकरी करते. तिचं सामान म्हणजे चार्जर, गॉगल आणि उन्हात लावायच्या ट्यूबा. मी मात्र तुझ्याच वळणावर गेलेय. जाडे पोहे, शेव, पोह्यांवर भुरभुरायला जीरावन, लसणाची चटणी, आवळासुपारी. "आई, तिथं काय दुष्काळ पडलाय का?" असं नात विचारते. मी म्हटलं, तिथले पोहे एकदा खा, मग बोल. आवळासुपारी तुझ्या आठवणीनं घेतली. मानपूरचा घाट उतरेपर्यंत गाडी लागून तुझा चेहरा पिळलेल्या लिंबासारखा व्हायचा, आणि तरी खिडकीची जागा तुलाच हवी असायची.

तू आणि दादा, तुम्ही दोघांनी समुद्र पाहिला तो लग्नानंतर एकदाच, मुंबईला, कुणाच्या तरी मुंजीला गेला होतात तेव्हा. परत आल्यावर तू शेजारच्या काकूंना सांगितलंस, समुद्र कसला, माणसांची डोकीच दिसली नुसती. मग पुढची कितीतरी वर्षं तू दादांच्या मागे लागलीस की मला मोकळा समुद्र बघायचाय, जिथं आपण दोघं आणि तो. ते म्हणायचे, रिटायर होऊ दे. रिटायर झाले, पण तोवर तुझे गुडघे गेले. मग तू.

म्हणून दादांना न्यायचंच असं मी यंदा ठरवलं, तर दादा हलायला तयार नाहीत. गेले पंधरा दिवस एकच पालुपद. तुम्ही जा, मी इथंच बरा. आता मी हे का सांगतेय ते तुला कळलंच असेल, कारण हे खूळ घरात आणलंस तू. माणूस प्रवासाला निघाला की तो पोचल्याची खबर येईपर्यंत घरात केर काढायचा नाही. मी सातवीत असेन. दादा बँकेच्या कामानं जबलपूरला निघालेत, त्यांची रिक्षा आत्ताच गल्लीच्या तोंडाशी वळलीय. संध्याकाळी आपल्याकडे भिशी आहे, म्हणून मी शहाणपणा करून केरसुणी उचलते. तू पिठाच्या हातांनी धावत येतेस आणि ती हिसकावून घेतेस. "ह्यांची अजून गाडी सुटली नसेल आणि तू त्यांच्यामागे घर झाडतेस? अक्कल कुठं गहाण टाकलीस?" भिशीच्या बायकांनी त्या दिवशी केरातच बसून कचोऱ्या खाल्ल्या आणि तू जराही ओशाळली नाहीस. दुसऱ्या दिवशी काकूंकडे दादांचा फोन आला, तेव्हा कुठं तू पदर खोचलास. मला इतका राग आला होता की मी तुझ्याशी दिवसभर बोलले नाही. तुझ्या ते लक्षातही आलं नाही.

तू गेल्यावर आम्हीच इकडे बडा गणपतीजवळ, तुझ्या घरात राहायला आलो. तेव्हापासून हे काम दादांनी घेतलं. आमच्यापैकी कुणी नुसतं देवासला जरी गेलं तरी ते दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि फोन येईपर्यंत कामवाल्या मावशींना झाडूला हात लावू देत नाहीत. मावशी कावतात. "बाबूजी, पूरा इंदौर सफाई में नंबर वन हो गया, एक आपका ही घर रह गया." दादा म्हणतात, रहने दो. आम्ही हसत आलो. म्हाताऱ्या माणसाचं वेड, दुसरं काय. काल नातीनं त्यांना पकडलं. म्हणाली, "आजोबा, लॉजिकली बघा ना. आपण सगळेच गेलो, घराला कुलूप, तर झाडणार कोण?" दादांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "मावशींकडे चावी आहे." पोरगी कपाळाला हात लावून उठली.

तर आज दुपारी मी चटणी करत होते आणि दादा समोर स्टुलावर बसून लसूण सोलून देत होते. मी पुन्हा विषय काढला. चिडलेच होते, खोटं कशाला सांगू. म्हटलं, दादा, आईला दाखवायचा होता ना तो समुद्र, मग तिच्या वाटचा तुम्ही तरी बघा. ते सोलायचे थांबले. म्हणाले, "त्या दिवशी मी केर काढला होता." मला आधी कळलंच नाही कुठला दिवस. मग हळूहळू सांगत गेले. सकाळी तू चहा घेता घेता कोसळलीस, कप फुटला. शेजारच्या काका-काकूंनी तुला अॅम्ब्युलन्समध्ये घातलं आणि तुझ्याबरोबर गेले. दादा तुझी शाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन मागून स्कूटरनं येणार होते. निघता निघता त्यांना जमिनीवर काचा दिसल्या. "ती घरात अनवाणी फिरते. परत आल्यावर पायात जाईल, म्हणून मी झाडून घेतलं. अॅम्ब्युलन्स चौकापर्यंतसुद्धा गेली नसेल गं." एवढं म्हणाले आणि पुन्हा लसूण सोलायला लागले. आई, इतकी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन दाराशी बसत होता, आणि आम्ही मावशींबरोबर हसत होतो. मला रडूच आलं. लसणाचं निमित्त होतं म्हणून बरं.

आणि मग मी बोलले. कुठून सुचलं देव जाणे. म्हटलं, "दादा, तुम्हाला एक सांगू? आई स्वतः झाडायची. तुमची रिक्षा वळली रे वळली की आधी केर काढून मोकळी व्हायची. मला म्हणायची, ह्यांना सांगू नकोस हं. तुम्ही कितीदा गेलात, दर वेळी परत आलात ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं पकडले गेले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते गं. "लबाड," म्हणाले, "आणि मला मेली धुळीत बसवायची." हसता हसता डोळे पुसले, हातांना लसूण लागलेला, त्यामुळे डोळे आणखीच चुरचुरले. मी तोंडावर पाणी मारून दिलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "माझा स्वेटर मावेल का तुमच्या बॅगेत?" दादा, समुद्रावर स्वेटर कशाला? "का, तिथं थंडी नसते?" मी म्हटलं, असते, असते, द्या.

तू कधीच झाडलं नाहीस, मला माहीत आहे. बोलणी खाल्लीत मी त्यापायी. तुझ्या कडक शिस्तीला मी बट्टा लावला, आणि दादा आता रस्ताभर सगळ्यांना सांगणार की आमची बायको किती लबाड होती. रागव हवं तर. पण कपाच्या काचा त्यांनी तुझ्या पायांसाठीच झाडल्या, हे तुला कळल्यावर तू रागावशील असं मला वाटत नाही.

आता सकाळ झालीय. दादा स्वेटर घालूनच गाडीत खिडकीशी बसलेत, तुझे जावई हॉर्न वाजवतायत. हा कागद पोळपाटाखाली ठेवते, पाठवणार तरी कुठं. मी असलं काही मानत नाही, हे तुला ठाऊक आहेच. पण डबा भरताना शेव सांडली ती तशीच जमिनीवर ठेवलीय, आणि काल संध्याकाळी कुणाला न सांगता मावशींकडून चावी मागून आणली.