भिंगरीवरचा आळ

मंगळवार, ता. ९

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. जावईबापू काठी घेऊन चालायला लागले हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, एवढ्यात जिने चढायचा शहाणपणा नको.

इकडे तुझ्या घरी ठीक. भिंगरी कुत्रीच्या तिन्ही पिल्लांचे डोळे उघडलेत. गळ्यात लाल दोरा बांधलेला पक्का खादाड आहे, वजनाला तराजूत ठेवला की तिथेच मुततो. खोक्यावरचा दिवा, धुतलेली फडकी, दोन वेळची वजनं, सगळं तुझ्या कागदाबरहुकूम चाललंय.

पण एक गोष्ट त्या कागदाबरहुकूम झाली नाही. पत्र लिहायला घेतलं ते त्यासाठीच. फोनवर तू 'ताई, तू होतीस म्हणून निभावलं' म्हणतेस आणि माझी दातखीळ बसते. शेजारचे मास्तर उद्या तिकडे निघालेत, त्यांच्या हाती हे देतेय.

पांढऱ्या दोऱ्याचं पिल्लू भिंगरीच्या अंगाखाली सापडून गेलं, असं मी तुला सांगितलं. ते खोटं आहे.

ते सगळ्यांत बारकं होतं. आईचं आचळ धरायचं आणि लगेच सुटायचं, म्हणून मी ड्रॉपरने पाजायला घेतलं. तू कपाटाला कागदच चिकटवून गेली होतीस, पिल्लाला पालथं ठेवूनच पाजायचं, उताणं नाही. मला राग आला होता, चिमे. अठ्ठावीस वर्षं मी बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, आणि ही मला दूध पाजायला शिकवणार! मी त्याला तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं. नाकातून दूध आलं. ते पुसून पुन्हा पाजलं.

दुसऱ्या दिवशी छातीत घरघर लागली. घरघर म्हणजे दूध छातीत उतरलंय, हे मला कोणी सांगायला नको होतं. तरी डॉक्टरकडे नेलं नाही. त्याने पहिल्यांदा 'कसं पाजलंत?' हेच विचारलं असतं. संध्याकाळी ते गेलं.

भिंगरी त्याला चाटत बसली होती. तेवढ्यात तुझा फोन आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'अगं, हिनेच चिरडलं.'

कुत्रीला काय फरक पडतो, असं मला वाटलं. पण तू घाबरलीस. तिला पिल्लांपासून लांब ठेव म्हणालीस, लाकडाच्या वखारवाल्याला देऊन टाकायचंही ठरवलंस. मी नुसतं 'बरं' म्हटलं. चार दिवस तिला मागच्या खोलीत कोंडलं. दूध साचून तिची आचळं दगडासारखी झाली. दाराच्या फटीला नाक लावून ती पडून असायची, आणि या बाजूला मी तिच्या पिल्लांना बाटलीने पाजायचे. आता मात्र पालथं ठेवून. मला माझीच किळस यायची.

आज सकाळी वखारवाला दोरी घेऊन आला. पिल्लं मारते तीच का ही, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, 'तिने नाही, मी मारलं.'

त्याने हातातली दोरी वर धरली. मग म्हणाला, 'मग दोरी कुणाला बांधू?'

बिचाऱ्याने चेष्टाच केली, पण मला मान वर करता आली नाही. तो गेल्यावर मी खोली उघडली. भिंगरी माझ्याकडे न बघता थेट खोक्यात शिरली. तिघांना हुंगलं, आणि मग फडकी उकरून चौथ्याला शोधत राहिली. मला तिथे उभं राहवेना.

तिला कुठेही पाठवू नकोस. तू आल्यावर पिल्लांना मी हात लावायचा की नाही, ते तूच ठरव. लहानपणापासून माझ्या शब्दावर तू डोळे मिटून चाललीस, आणि तोच शब्द मी एका मुक्या आईविरुद्ध वापरला. रागाव, बोलू नकोस, पण 'ताई, होतं असं' एवढं मात्र म्हणू नकोस. ते मला सोसणार नाही.

तुझ्या विश्वासाला न जागलेली,
ताई