यादीतली सातवी ओळ

काफुंबी, मलावी
४ जून २०१२

चि. तियामिकेस,
अ. उ. आ. या खेपेलाही चिपाताला तुझ्या घरी पोचले नाही, रागावू नकोस. तुमच्याकडच्या सीमानाक्यावरच्या कारकुनाने सुक्या मासळीची दोन्ही पोती अडवली. म्हणाला, जकात भरा नाहीतर परत जा. माझी शेजारीण एनेलेसी नाका चुकवायला रानवाटेने निघाली, ती ओढ्यात घसरली आणि पाय मोडून बसली. तुझे भाऊजी म्हणतात, सोड हा धंदा. मी विचारलं, मुलींच्या शाळेचं तुम्ही बघणार का? धंदा सोडणार नाही, पण चोरासारखी रानातूनही जाणार नाही. काही मार्ग असला तर कळव.
तुला सतत आठवणारी,
अक्का फत्सानी

चिपाता, झांबिया
१५ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि. भाऊजींना असं विचारणं तुलाच जमतं. इथल्या बाजारसंघाच्या बाईंना विचारलं. आपल्या देशांचा करार झालाय. माल या दोन देशांतलाच, खेप लहान आणि मालाचं नाव करारातल्या यादीत असेल, तर जकात नाही. एका पानाचा अर्ज पुरतो. यादी नाक्यावर कुणी लावतच नाही. मी आपल्या भाषेत उतरवून पाठवतेय. सातव्या ओळीत सुकी मासळी आहे. पण एकटी जाऊ नकोस. एकटीला तो पुन्हा हाकलेल.
एनेलेसीला जपा, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी तियामिके

काफुंबी
२ जुलै

चि. तियामिकेस,
अ. उ. आ. काल आम्ही अकरा जणी भर सकाळी नाक्याच्या फाटकावर गेलो. तू पाठवलेली यादी पुढे केली, तर कारकून म्हणाला, ही यादी जुनी आहे. मी म्हटलं, मग नवी दाखवा. त्याच्याकडे नव्हती. साहेब येईपर्यंत थांबा म्हणाला, तर आम्ही तिथेच पोत्यांवर बसलो. मागे ट्रकवाले हॉर्न वाजवून दमले. दोघी घाबरून उठल्या, त्यांना मीच हात धरून बसवलं. मलाही उठून पळावंसं वाटत होतं, हे तुलाच सांगते.
तीन वाजता त्याची साहेबीण आली. यादी वाचून तिने अर्ज मागवले. माझा अर्ज भरताना कारकुनाने कामधंद्यापुढे ‘घरकाम’ लिहिलं. मी ते खोडायला लावलं.
“व्यापारी लिहा,” मी म्हणाले.
त्याने साहेबिणीकडे पाहिलं, आणि लिहिलं.
उशीर झाला म्हणून माल फाटकापलीकडेच विकून परतलो. येत्या गुरुवारी मात्र थेट तुझ्या बाजारात येतोय. मक्याच्या पिठाच्या न्सिमाचं मोठं पातेलं चढव. अकराही जणी जेवायला आहोत.
लोभ आहेच, तो आता समोर बसून वाढव.
तुझी अक्का